नमुन्याच्या चौकटीत खरं नाव

अन्याय झाला गेवराई तालुक्यातल्या एका गावच्या अंगणवाडी मदतनीस ताईवर. गेल्या पावसाळ्यात, एका सोमवारी, सकाळी अकराला दहा कमी असताना. करणारा वाळूवाला नव्हता, तलाठी नव्हता. मी होतो.

आमच्या संघटनेची एक वेबसाइट आहे. वाळूच्या ट्रॅक्टरांनी रस्ता फोडला, पाणी तोडलं, की लोक तिच्यावर तक्रार टाकतात आणि आम्ही ती तहसीलला पोचवतो. साइट मीच बांधली. पत्रकं छापता छापता कोडिंग शिकलो. ताईच्या बौद्ध वस्तीची पाइपलाइन ट्रॅक्टरांनी तीनदा फोडली होती. मी तिच्या ओट्यावर बसून तक्रार लिहून घेतली. उठताना ती म्हणाली, "दादा, नाव तेवढं तुमच्यापाशीच ठिवा. ट्रॅक्टर ज्याचे, त्याच्याच रानात पोरांचे पप्पा कामाला हायेत."

"ताई, आमी काय सरकार हाय का नाव फोडायला?"

ती हसली. मीही हसलो.

त्याच सुमाराला माजलगावची आमची एक कार्यकर्ती तक्रारींसाठी मोबाइल ॲप बनवत होती. तिच्या ॲपनं साइटशी बोलायचं, तर कुठल्या वेब-पत्त्यावर काय पाठवायचं ह्याचे नियम होते, आणि ते फक्त माझ्या डोक्यात होते. दिवसाला चार फोन. "अरे, तारीख कशी पाठवू? गावाचं नाव मराठीत का इंग्रजीत?" कंटाळून मी ते सगळे नियम एका पानावर मांडून दाखवणारं तयार टूल साइटवर बसवलं. एक कमांड, सेटिंगमध्ये दोन ओळी, झालं. पान उघडलं: एकेक पत्ता, त्याखाली काय पाठवायचं त्याचा नमुना, शेजारी बटण. दाबा आणि तिथल्या तिथं चालवून बघा. लई भारी वाटलं.

फक्त नमुन्याची चौकट रिकामी होती. दुसरा कुणी 'अबक' लिहून मोकळा झाला असता. पण आम्ही पत्रकावर वाढलेली पोरं. आमच्यात शिस्त अशी की हवेत बोलायचं नाही. कुणावर, कुठं, कधी, हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे. एक उदाहरण खोटं दिलं की समोरचा म्हणतो, सगळंच खोटं. हात त्या सवयीनं गेला. सगळ्यात ताजी तक्रार उचलली आणि चौकटीत चिकटवली. नाव, गाव, मोबाइल, सगळं. पानाला पासवर्डही लावला नाही. लिंक संघटनेच्या ग्रुपवर टाकली आणि खाली बोटांनी आपोआप लिहिलं: "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा."

लोकांनी पोचवलं. आमची माणसं त्यात तयार.

चारच्या सुमाराला माजलगावहून फोन. "नमुन्यातली ही बाई कोण रे? खरी हाय?"

"खरी हाय. कावून?"

ती म्हणाली, "मी नमुना मागितला होता. बाई नव्हती मागितली. काढ आदी."

काढायला दोन मिनिटं लागली. तोवर त्या पानाचा फोटो ताईच्या गावच्या ग्रुपवर गेलता. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "घ्या, आपल्या गावची कलेक्टरीण." त्याखाली हसणारी तोंडं, ओळीनं.

दोन दिवस मी तिच्याकडं गेलो नाही. सगळ्यात जास्त लाज ह्याची वाटते. ते दोन दिवस मी भेटेल त्याला सांगत होतो की टूलच तसं असतं, बसवलं की उघडंच असतं. शेवटी एक मित्र वैतागला. "टूलला ताईचं नाव कुणी सांगितलं बे?"

तिसऱ्या दिवशी गेलो. ताईनं पाणी दिलं. नवऱ्याचं काम सुटलं होतं. तो ओट्यावर बसून होता, माझ्याकडं बघत नव्हता.

"तक्रार माघारी घेतली," ती म्हणाली. "गैरसमजातून केलती, आसं तहसीलात लिहून दिलं."

मी माफी मागायला तोंड उघडलं.

"सायेब, तुमी आता येत जाऊ नगा. तुमची गाडी वळखतेत सगळे."

आठ दिवसांपूर्वी मी दादा होतो.

पाइप अजून फुटकाच आहे. मी माझ्या नावानं तहसीलला अर्ज दिला, तर तिथं मला विचारलं, "तुम्ही त्या वस्तीत राहता का?" नाही राहत. राहणाऱ्या एकीनं हिंमत केली होती, तिचं तोंड मी बंद केलं. वस्तीतल्या बाया लांबच्या हापशावर जातात.

आजवर दुसऱ्यांच्या चुका मी ठळक अक्षरात छापल्या. ही छापायची म्हटल्यावर संघटनेतले म्हणाले, राहू दे, बदनामी होईल. कुणाची? ताईची तर होऊन गेली.

म्हणून तुम्हाला सांगतोय, आणि ही विनंती नाही. तुमच्याकडं साइट असेल, अर्जाचा छापील नमुना असेल, भाषणात सांगायला ठेवलेली हकीकत असेल, तर आज उघडून बघा. न विचारता घेतलेलं खरं नाव सापडलं तर आधी काढा. मग दोन दिवस न घालवता त्या माणसाच्या दारात जा आणि स्वतःच्या तोंडानं सांगा: तुमचं नाव मी बाहेर टाकलं.