साहेबांचा वन्स मोअर

"मला बघायचं असेल तर वेळेवर या. मी पहिल्या दहा मिनिटांतच मरतो!"

नव्या माणसाशी ओळख झाली की छातीवर हात ठेवून, डोळे फिरवून ते हे म्हणायचेच. इंग्लंडचा हा म्हातारा नट इथे दोह्यात, अबू हमूरच्या आमच्या कंपाउंडमध्ये, समोरच्याच व्हिलात, शिक्षिका असलेल्या मुलीकडे राहायला आला होता. तुम्हीही त्यांना पडद्यावर पाहिलं असणार, फक्त लक्षात राहिलं नसणार. दार उघडणारा बटलर, निकाल वाचणारा न्यायाधीश, रहस्यमालिकेत जिन्याखाली पडलेलं प्रेत. नाटकात मात्र भूमिका मोठ्या. गावोगाव दौरे करण्यात उमेदीची सगळी वर्षं गेली.

"मग सोडलंत का?" चहा देताना मी एकदा विचारलंच. मला विचारल्याशिवाय राहवत नाही, काय करू!

"वाक्य गेलं," ते म्हणाले. "भर प्रयोगात. समोर थिएटर भरलेलं आणि डोक्यात काही नाही. विंगेतून वाक्य देत होते, तेही ऐकू येईना. लोक हसले. त्यानंतर स्टेजवर गेलो नाही, जाणारही नाही. खलास!" हा शब्द त्यांनी इथल्या ड्रायव्हरकडून उचलला होता.

पण त्या वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या नाटकात एक कलेक्टरसाहेब होता, गाव सोडताना इंग्रजीत भाषण करणारा. तोंडाला पावडर फासून आमचे कुलकर्णी तो करणार होते. कुलकर्णींचं इंग्रजी म्हणजे साइटवरची सेफ्टी मीटिंग! मी समोरच्या या खऱ्याखुऱ्या साहेबांच्या हात धुऊन मागे लागले. "प्रॉम्प्टर मीच आहे. तुम्हाला तोंडघशी पडू देणार नाही." आठवडाभर नाही-नाही म्हणाले. मग एका सकाळी दारात हजर, गुळगुळीत दाढी करून. "तालीम कुठे असते?"

तालीम फरीज बिन ओमरानला, कुलकर्णींच्याच फ्लॅटमध्ये, सोफे भिंतीला सरकवून. वर्ल्ड कपसाठी अख्खं दोहा खणून ठेवलेलं, रोज नवं डायव्हर्जन. आमची मंडळी हमखास उशिरा यायची. साहेब मात्र माझ्यामागे घाई लावून वेळेआधी पोचायचे. गाडीत सारखं भाषण घोकायचे. एखादं वाक्य अडलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

प्रयोगाच्या दिवशी नारळ फुटला, तिसरी घंटा झाली. साहेब आले आणि बोलले. काय बोलले हो! वेफर्स चघळणारी पोरंसुद्धा चिडीचूप. भाषण संपलं, टाळ्या पडल्या आणि आपल्या लोकांनी जुन्या हौसेनं आरोळी ठोकली, "वन्स मोअर! वन्स मोअर!"

साहेबांचा चेहरा पांढराफटक. विंगेकडे वळून मला पुटपुटले, "काय राहिलं? कुठलं वाक्य गाळलं मी?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांच्या इंग्लंडात कुणी भर नाटकात भाषण परत मागत नाही. लोक पुन्हा म्हणायला सांगतायत म्हणजे आपलं चुकलं, एवढंच त्यांना कळलं होतं.

"अहो, काही नाही चुकलं! आवडलं म्हणून मागतायत. आमच्याकडची रीतच आहे ती. यल्ला, चला, म्हणा पुन्हा!"

साहेब वळले, लवून नमस्कार केला आणि सुरुवात केली. या वेळी निम्म्यावर वाक्य खरोखरच गेलं. मी वाक्य दिलं. साहेबांनी सगळ्यांदेखत माझ्याकडे कान केला, नीट ऐकून घेतलं, "थँक यू, डिअर" म्हणाले आणि पुढे बोलत गेले. लोक हसले. साहेबही हसले.

मॅचेस सुरू व्हायच्या आधीच मुलीचं काँट्रॅक्ट संपलं आणि बापलेक इंग्लंडला परतले. पुढे एकदा तिचा फोन आला. साहेब गेले होते. मला फोनवरच रडू फुटलं. शेवटी शेवटी त्यांना तिचं नावही आठवत नव्हतं म्हणे.

"पण घाबरायचे नाहीत," ती म्हणाली. "अडले की माझ्याकडे कान करायचे. मी शब्द दिला की थँक यू म्हणून पुढे बोलायचे."