राजासाठी कांदा

मे महिन्यात चंद्रपूरला कोणी पाहुणा बोलवत नाही. मी बोलावला. पुण्याची माझी जुनी मैत्रीण नवऱ्याबरोबर वाघ बघायला ताडोब्यात येणार होती आणि जंगल झाल्यावर तिच्याकडे एक दिवस मोकळा होता. "तुमच्याकडे बघण्यासारखं आणखी काय आहे गं?" तिने फोनवर विचारलं. मी म्हटलं, "राजाचा किल्ला आहे, बगीचा आहे. तू ये तर खरी." फोन ठेवला आणि मला इतकं बरं वाटलं की उभ्या उभ्या दोन कप चहा प्यायले.

कारण सांगते. काही वर्षांपूर्वी मी आईला घेऊन तिच्याकडे गेले होते. आई ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावची. आमच्याकडे उन्हाळ्यात बाहेर पडायचं तर कांदा जवळ हवा. पुरुष खिशात ठेवतात, बायका पदराच्या गाठीत. कांदा असला की लू, उन्हाची झळ, लागत नाही म्हणतात. डॉक्टर मानत नाहीत, मीही फारशी मानत नाही, पण आईच्या देखत कांदा न घेता उंबरा ओलांडायची माझी हिंमत नाही.

तर मैत्रीण आम्हाला एक राजवाडा दाखवायला घेऊन गेली. आई राजाच्या गादीला नमस्कार करायला वाकली आणि गाठ सुटली. कांदा गुळगुळीत फरशीवरून घरंगळत दोरीच्या पलीकडे गेला आणि नेमका गादीच्या पायाशी थांबला. मैत्रीण हसून हसून खाली बसली. "काकू, राजाला नैवेद्य आणलात का?" रांगेतले लोकही हसले. आईही हसली, तोंडाला पदर लावून. पुढे बगीच्यात आम्ही फिरलो, ती बाकावर बसून राहिली. म्हणाली, "तुमी पाहून या. मी इथीच बरी."

त्यानंतर आई लग्नाला गेली, मयतीला गेली, पण बघायला म्हणून कुठेही गेली नाही. कितीदा म्हटलं, चल. "काय पाहाचं राह्यलं आता," एवढंच म्हणायची. आणि इकडे मैत्रिणीने तो कांदा पुण्यातल्या प्रत्येक जेवणावळीत वाढला. माझा फोन गेला की पहिला प्रश्न, "काकूंचा कांदा काय म्हणतो?" मी हूं म्हणायची आणि मनात कोयत्याला धार लावायची.

शहाणा माणूस आमच्याकडे उन्हाळ्यात किल्ला पहाटे बघतो, दुपारी पडदे ओढून झोपतो आणि दिवस कलला की बगीच्यात जातो. मी क्रम उलटा लावला. सकाळी त्यांना तलावाकाठचा बगीचा दाखवला, घरी पोटभर जेवू घातलं आणि भर दुपारी बल्लारपूरच्या किल्ल्यावर नेलं. माझा कांदा पर्समध्ये होता. पाहुण्यांना कांद्याचं सोडा, डोक्याला दुपट्टा बांधा असंही सांगितलं नाही. कोणाचा जीव घ्यायचा नव्हता मला. पाणी होतं, गाडी हाकेवर होती. फक्त तिचं तोंड उतरलेलं बघायचं होतं, आणि त्या वेळी बोलायचं एक वाक्य मी केव्हापासून घासूनपुसून ठेवलं होतं.

आम्ही निघताना आई उठून दारात आली. सकाळी बगीच्यात चल म्हटलं तर ती नेहमीसारखीच नको म्हणाली होती.

"एवढ्या उनात पाव्हन्याइले कुठी नेऊन राह्यली?"

"किल्ल्यावर."

तिने माझ्याकडे बघितलं, मैत्रिणीच्या उघड्या डोक्याकडे बघितलं. मग टोपलीतला एक कांदा उचलून पदराला गाठ मारली. "मले बी याचं आहे." मी चाटच पडले. पण म्हटलं, बरंच झालं, तिच्यादेखतच होऊन जाऊ दे.

किल्ल्यात मी काहीच बाकी ठेवलं नाही. हा बुरूज बघ, ती कमान बघ, वर चल, वरून वर्धा नदी दिसते. दगड तव्यासारखे तापलेले. मैत्रिणीचा नवरा पहिल्या बुरुजानंतरच गाडीत जाऊन बसला. मैत्रीण फोटोंच्या हौसेने टिकली, तिची बाटली संपली, बोलणं संपलं. राणीमहालाच्या पडक्या भिंतीपाशी तिने एकदम माझा दंड धरला. "अगं, मला गरगरतंय." आणि खालीच बसली, तशीच, राजवाड्यात बसली होती तशी.

मी कांदा काढायला पर्स उघडली. वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात आईने मला कोपराने बाजूला केलं.

तिने मैत्रिणीला सावलीत ओढलं, माझ्या बाटलीतलं पाणी तिच्या डोक्यावर ओतलं, थोडं थोडं पाजलं. मग पदराची गाठ सोडली, कांदा दगडावर ठेवून बुक्कीने फोडला आणि तिच्या तळपायांना, तळहातांना खसाखसा चोळायला लागली. वास सगळीकडे भरला. बऱ्याच वेळाने मैत्रिणीने नीट डोळे उघडले.

"काकू, हे काय?"

"निवद," आई म्हणाली. हात थांबला नाही. "राजासाठी आनला होता, बाई. पन इथी राजा तं नाई राह्यला. तूच घे."

मैत्रिणीची मान खाली गेली. तोंड उन्हाने लाल होतंच, आता कानही झाले. "काकू, त्या दिवशी माझं..."

"बोलू नको. पानी पे."

माफ केलं असं आई म्हणाली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. आणि मला, खरं सांगते, गुदगुल्या झाल्या. थोडा रागही आला. इतकी वर्षं सूड मी पाळला, दाणापाणी मी घातलं, आणि घेतला तिने, तोही एका बुक्कीत. माझ्या वाक्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. परतताना बंद गाडीत कांद्याचा असा घमघमाट होता की मैत्रिणीच्या नवऱ्याचे डोळे चुरचुरले.

संध्याकाळी आईने आपणहून चपला घातल्या. "बगीचा दाखव मले. सकाळी तुमीच पाहून आल्या."

आम्ही सगळे गेलो. फाटकाजवळचा पहिला बाक दिसताच मैत्रीण टेकली. "तुम्ही बघून या," ती म्हणाली. "मी इथेच बरी."

आई थांबली नाही. प्रत्येक झाडापाशी उभी राहत, तलावाकडे बघत ती माझ्या पुढे चालली होती. पदराच्या गाठीत नवा कांदा होता आणि तिने तो कमरेत खोसून लपवला नव्हता.