काशी पायलटाच्या पाली

मोटरसायकलवरून भाडं नेणारा काशी पायलट गाडी उभी केली की आधी हँडलला टांगलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढायचा. इंजिनावर गोणपाटाची घडी, घडीवर डबा. मग मनगटाची आतली बाजू डब्याच्या बुडाला लावून ऊब बघायचा, आई बाळाचं दूध बघते तशी. हे झाल्याशिवाय मागच्या सीटवरच्या माणसाकडे वळायचा नाही. पहिल्यांदा मी त्याच्या मागे बसून हरमलहून पेडण्याला आलो, तेव्हा पत्रकांचे गठ्ठे काखेत धरून ताटकळलो आणि संतापलो. त्या दिवसांत मी रोजच संतापायचो. राजभाषेचं आंदोलन पेटलेलं, घटकराज्याची बोलणी चाललेली, आणि हा माणूस डबा शेकत बसलाय!

डब्यात दोन पाली होत्या. पिवळ्या, अंगभर काळे ठिपके, जाडजूड शेपटी, आणि आपल्या भिंतीवरच्या पालीला नसतात त्या पापण्या. इंग्रजीत त्यांचं नाव बिबट्यावरून पडलंय. रस्त्याने देश ओलांडत आलेल्या एका परदेशी पाहुण्याने त्या वाटेत कुठल्याशा गारुड्याकडून घेतलेल्या. हरमलला काशीच्या शेजारी खोली घेऊन तो तीन महिने राहिला आणि एक दिवस विमान गाठायचं म्हणून पाली खोलीत टाकून चालता झाला. हौस आली की जनावर घ्यायचं, कंटाळा आला की दुसऱ्याच्या ओसरीवर सोडायचं. अशांना आमचे लोक अजून हसून सलाम करतात! काशीने सलाम केला नाही आणि शिवीही दिली नाही. पाली उचलून घरी आणल्या. "पाठी बसयललो माणूस अर्ध्या वाटेर उतरवूचो नाय," एवढंच म्हणाला.

त्याने जन्मात कोंबडीसुद्धा पाळली नव्हती. पहिल्या दिवशी करवंटीत दूध ठेवलं, नागाला ठेवतात तसं. दुसऱ्या दिवशी पेज. तिसऱ्या दिवशी बायकोच्या डोळ्यांदेखत ताज्या तारली मासळीचा तुकडा. पाली तोंड फिरवून बसल्या. आठवड्याभरात शेपट्या बारीक झाल्या, तेव्हा पाहुण्याने मागे ठेवलेली इंग्रजी चिठ्ठी घेऊन तो माझ्याकडे आला. मी वाचून दाखवली. पोटाखाली ऊब हवी. खाणं जिवंत, हलतं हवं. कात टाकताना एक ओला कोपरा हवा. शेपटीत चरबी साठते, शेपटी बारीक झाली तर जनावर उपाशी आहे असं समजावं. घाबरलं तर शेपटी टाकून पळतं. विष नाही.

"म्हणजे शेपटी ही तेंची कणग," काशी म्हणाला. त्याच संध्याकाळपासून तो शेताच्या बांधावर वाकून नाकतोडे आणि रातकिडे धरू लागला. नारळाचं सोडण भिजवून डब्याच्या कोपऱ्यात ठेवू लागला. एकीची कात बोटांना अडकून वाळली होती. ती त्याने ओल्या कापसाने, जीभ दातांत धरून, तासभर सोडवली. तरी एक बोट गेलंच. "माका उशिरा समाजलां," असं तो त्यानंतर कितीदा म्हणाला असेल. घरी मात्र पाली एकट्या ठेवायची सोय नव्हती. शेजारी काठ्या घेऊन टपलेले. म्हणून डबा हँडलला.

स्टँडवर आधी थट्टा झाली. काशी, पोरांका शाळेत घातलंस काय, असं दुसरे पायलट विचारायचे. मग कुणीतरी म्हणालं की ही चावली तर पाणी मागायलाही सवड मिळत नाही. चावलेला माणूस कुणी पाहिला होता? कुणीही नाही. पण बायका त्याच्या मागे बसेनाशा झाल्या, मग पुरुषही. शेवटी पायलटांनी त्याला सांगून टाकलं, डबा फेक नाहीतर स्टँड सोड.

तेव्हा तो पुन्हा माझ्याकडे आला. "तू इतके कागद छापतस. एक ह्येंच्यासाठी छाप. विष नाय, इतक्यांच लिव."

मी हसलो. भाषेच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे काशीदा, म्हटलं, आणि मी पालींवर पत्रक काढू?

त्याने डबा काखेत घेतला. "भाशेक लोक आसत रे. ह्येंका मी एकटोच."

पंधरा दिवसांनी आमचा रस्ता रोको होता. आम्ही पेडण्याच्या वाटेवर चिरे मांडून बसलो होतो. काशी आला तो जनावरांच्या डॉक्टरकडे निघालेला. एका पालीचा डोळा मिटला होता. पोरांनी अडवलं, डब्यात काय म्हणून विचारलं. त्याने खोटं सांगायला हवं होतं. त्याने झाकण उघडून दाखवलं.

विषारी, विषारी, असा गलका झाला. एकजण माझ्याकडे वळला. "तुम्ही शिकलेले. सांगा, विष आहे की नाही?"

तीसेक तोंडं माझ्याकडे वळली होती. नाही म्हटलं असतं तर उद्यापासून मी पालवाला झालो असतो. माझ्या घोषणांवर लोक हसले असते. "मला नक्की ठाऊक नाही," मी म्हणालो.

डबा हिसकावला गेला, एक चिरा खाली आला. पहिली पाल तिथेच गेली. दुसरी मोटरसायकलखाली पळाली, आणि तिची तुटलेली शेपटी रस्त्यावर वळवळत राहिली. त्या वीतभरही नसलेल्या शेपटीला घाबरून भाषेसाठी प्राण देणारे आमचे वीर दहा पावलं मागे उडाले. काशी रस्त्यावर पालथा झाला आणि चाकाखाली हात घालून त्याने ती बाहेर काढली.

"तुका म्हायत होतां," तो मला म्हणाला. हळूच म्हणाला. ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. ओरडण्याला उत्तर देण्याची मला चांगली तालीम होती.

काशीने स्टँड सोडला. डिचोलीला खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. पुढे घटकराज्य झालं, भाषेचा कायदाही झाला, आमच्यापैकी काहींना खुर्च्या मिळाल्या. या पालींना विष नाही, असं सांगणारं आठ ओळींचं एक पत्रक मी छापलं आणि डिचोली गाठली. चहाच्या टपरीवर तो भेटला, भुवयांपर्यंत लाल धुळीने माखलेला. पत्रक त्याने सावकाश वाचलं. मग उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"कोणी लिवलां, ता खंय आसा?"

आमच्या पत्रकांखाली कधीच कुणाचं नाव नसे. आम्ही "समस्त गावकरी" असायचो.

तो उठला, ट्रकच्या केबिनमधून डबा आणला आणि पाल माझ्या तळहातावर ठेवली. इतक्या महिन्यांत मी तिला एकदाही हात लावला नव्हता. अंग मऊ होतं. जुन्या शेपटीच्या जागी मुळ्यासारखी आखूड, गुळगुळीत नवी फुटली होती. बाकावरचे ड्रायव्हर उठून दूर सरकले. टपरीवाल्याने किटली खाली ठेवली.

"आता सांग तेंका," काशी म्हणाला. "नावासकट."

मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणालो, हिला विष नाही, आणि हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.