सुमित्रामावशीचे तीन थेंब

आमच्या सुमित्रामावशीला म्हैसुरात कोण नावाजत नाही? गोकुलममध्ये योग शिकायला येणारे परदेशी लोक तिच्याकडे स्वयंपाक शिकतात आणि तिचा अननसाचा गोज्जू, म्हणजे चिंचगुळाचं आंबटगोड कालवण, बोटं चाटत खातात. नावाजत नाहीत ते एकटे तिचे यजमान. रंगरावकाका शिंपी, जेवून उठताना अडतीस वर्षं नुसतं "हं" म्हणतात. या माणसाच्या तोंडून एकदा तरी "छान" ऐकायचं, एवढीच मावशीची हाव. मला विचाराल तर त्यांना आठवडाभर कोरडा भात वाढायला हवा होता.

गेल्या वर्षी एका इटालियन शिष्येने तिला बाल्सामिक व्हिनेगरची चिमुकली बाटली दिली. द्राक्षांचा रस आटवून बारा वर्षं लाकडी पिंपात मुरवलेला, काळाभोर, दाट. "पदार्थ झाला की वरून तीनच थेंब," ती म्हणाली. मावशीने थेंबभर चाटून पाहिलं आणि गप्प झाली. दुसऱ्याचं चांगलं लागलं की ती गप्पच होते.

पुढे द्वादशीला तिने विठ्ठलाचा नैवेद्य बाजूला काढला आणि काकांच्या गोज्जूच्या वाटीत बाटलीतले तीन थेंब सोडले. काकांनी घास घेतला.

"गोज्जू छान झालाय."

मावशी भडकलीच. "अय्यो! अडतीस वर्षं चिंच कोळतेय, तेव्हा नाही सुचलं! हे कौतुक माझं नाही हो, त्या इटलीच्या बाटलीचं!"

काकांचा घास हातातच राहिला. "त्यात इटलीचं काही उरलं नाही. परवा वकीलसाहेबांच्या काळ्या कोटाच्या बाह्या उसवून लांब केल्या. जुन्या दुमडीची रेघ व्हिनेगर लावून इस्त्री केली की जाते. दुकानातलं संपलेलं. बाटलीवर व्हिनेगर लिहिलेलं दिसलं."

"सगळी संपवलीत?"

"दोन बाह्या होत्या. रेघ गेली, पण ते गोड निघालं, कोटाला मुंग्या आल्या. मग तुझ्याच गोज्जूचा रस गाळून भरला बाटलीत."

"मग आज वेगळं काय लागलं?"

"काही नाही. रोजच छान असतो. तुझ्या हातात बाटली बघून घाबरलो, म्हणून तोंडातून निघालं."

मावशीला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला. "सुम्ने, गुमान जेवा आता," म्हणत तिने गोज्जूचा मोठा डाव त्यांच्या पानात ओतला.

यंदा ती शिष्या पुन्हा येतेय. मावशीने दोन बाटल्या मागवल्यात. एक स्वयंपाकघरात राहील, दुसरी काकांच्या शिलाई मशीनजवळ, हाताला लागेल अशी, म्हणजे काका पुन्हा घाबरून "छान" म्हणतील.