मी चकती परत केली, एवढंच!

हे कोणालाही सांगायचं नाही, आईला तर मुळीच नाही, असं मामाने मला बजावलं होतं. पण माझ्यावर काय अन्याय झाला ते ऐकलंत, तर तुम्हीच म्हणाल, पोरी, बोलून टाक!

मामा मूळचा अकोल्याचा, आता कॅनडात नोकरी करतो. या मे महिन्यात आई आणि मी त्याच्याकडे गेलो होतो. तिथे बर्फावर हॉकी खेळतात आणि मामा तिच्यापायी पार वेडा झालाय. त्याच्या टीमचा निर्णायक सामना होता. हरले की हंगाम संपला! ऑफिसातल्या सोडतीत त्याला दोन तिकिटं लागली. मामी म्हणाली, "मले नाही सोसत ते थंडी." आई म्हणाली, "मले तं काई समजतच नाही." उरलं कोण? मी!

"आज जिंकलोच पायजे," मामा वाटेत म्हणाला. "वर्षभर वाट पायली म्या."

आता सांगा, मे महिन्यात आमच्या राजापेठेत कूलरसमोरून न हलणारी मी! मामीचे दोन स्वेटर, मामाची माकडटोपी, तरी त्या बर्फाशेजारच्या खुर्चीत दात वाजत होते. शेवटी मामालाच दया आली. "थांब, गरम कॉफी आनतो. जागची हालू नको."

तो गेला आणि ती चकती उडाली! त्या हॉकीत चेंडू नसतो, अनारशाएवढी काळी रबरी चकती असते. काचेच्या भिंतीवरून ती आली ती थेट माझ्या खुर्चीखाली.

मी वाकून, चाचपून ती काढली. वर बघते तर सगळे माझ्याकडे हात करून ओरडताहेत! वर्गात पाणी प्यायला जायचं असलं तरी मी हात वर करत नाही हो. आणि इथे छताला टांगलेल्या भल्यामोठ्या पडद्यावर माझं माकडटोपीतलं तोंड! मी डोळेच मिटून घेतले.

का ओरडत असतील? आमच्या गल्लीत का ओरडतात? आमचं घर मैदानाला लागून. सारखं आपलं, "ओ ताई, बॉल द्या नं!" शेजारच्या काकूंनी एकदा बॉल ठेवून घेतला, तर पोरं त्यांना अजून चोर म्हणतात. मला कॅनडात चोर व्हायचं नव्हतं!

मी डोळे मिटूनच उभी राहिले आणि जीव खाऊन चकती बर्फावर भिरकावली.

मला काय माहीत, तोवर त्यांनी नवी चकती घेऊन खेळ सुरूसुद्धा केला होता! शिट्टी वाजली. डोळे उघडले, तर मामाच्या टीमने नुकताच गोल मारलेला. शिट्टीनंतर! बर्फावर दोन चकत्या. गोल रद्द!

"कोन फेकली बे ते? कोन येडं हाय?" पायऱ्यांवरून मामाचा आवाज आला. मग त्याने पडद्याकडे पाहिलं. दोन्ही कॉफ्या खाली.

पहारेकरी आला आणि अगदी अदबीने आम्हाला दार दाखवलं. बर्फावर काही फेकलं की बाहेर, असा नियम. मी शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, अहो, तुमचीच वस्तू, मी फक्त परत केली! तर म्हणतो, आलेली चकती ज्याला मिळेल त्यानेच ठेवायची असते. लोक माझं अभिनंदन करत होते म्हणे! अभिनंदन असं अंगावर ओरडून करतात का?

उरलेला सामना आम्ही गाडीत बसून रेडिओवर ऐकला. एका गोलने हरले.

"मामा, परत करणं चूक आहे का?"

"चूप बैस." मग रेडिओ बंद करत, "अवं पोट्टे, लोकं ते चकती देवघरात ठेवतेत! अन् फेकली तं फेकली, त्याच टायमाले काहून?"

झालं! म्हणजे चूक माझीच! तेव्हाच मी ठरवलं. आपल्याकडे आलं ते आपलं. गल्लीतली पोरं कितीही बोंबलू देत, यापुढे कोणाचाही बॉल मी कधीच—

"अवं, आयकू येत नाही का? पोट्टे केवाचे बॉल मांगून राह्यले, दे फेकून!"

"हो आई, फेकते! ए, मैदानात दुसरा बॉल तर नाही ना रे?"