बाईंचं नाक

आमच्या रसायनशास्त्राच्या बाई कुणाच्याही घरी गेल्या, तरी पुढे आलेलं पाणी आधी हुंगत आणि मगच पीत. यजमानीण बिचारी ओशाळायची. "छे हो, घडा उत्तम आहे. मलाच मेली खोड!" म्हणत बाई पेला रिकामा करून मोकळ्या. अंधेरीच्या कॉलेजात आम्ही त्यांना 'नाकवाल्या बाई' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझी खात्री आहे, आवडतही होतं.

एवढं तिखट नाक, पण मासळीपुढे हार. बाई पक्क्या शाकाहारी आणि मी मढच्या कोळ्यांची मुलगी. मी डबा उघडला की बाई खिडकी उघडायच्या.

सत्तरच्या सुमारास आमच्या मासळीला रॉकेलचा वास येऊ लागला. मालाडच्या बाजारात आईची नेहमीची गिऱ्हाइकं बोंबील उचलून परत पाटीत टाकायची. धंदा बसला असता, तर माझं कॉलेजही संपलं असतं. खाडीच्या वरच्या अंगाला नवा कारखाना होता. तिथले मॅनेजर म्हणायचे, "तुमच्याच होड्यांच्या इंजिनाचं तेल आहे ते." मी रडकुंडीला येऊन बाईंना सांगितलं. त्या नाकाला पदर लावून बाजारात आल्या, आईच्या पाटीवर वाकल्या. "मासळीला मासळीचाच वास यायला हवा," त्या म्हणाल्या. "मला सोसो न सोसो!"

मग बाटल्या भरभरून खाडीचं पाणी प्रयोगशाळेत आलं. तेल सापडलं, पण ते कुणाचं हे ठरेना. शेवटी बाईंनी कारखान्याच्या गटारात निरुपद्रवी हिरवा रंग सोडायची परवानगी मागितली. "खुशाल सोडा, आमचं पाणी तिकडे जातच नाही," मॅनेजर म्हणाले आणि ठरल्या दिवशी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत आमच्या धक्क्यावर येऊन उभे राहिले. पौर्णिमेनंतर ओहोटीची ओढ मोठी, म्हणून बाईंनी तिच्या दुसऱ्या दिवशीची ओहोटी धरली होती. ती पौर्णिमा फाल्गुनातली, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

ऐन धुळवडीला खाडी हिरवीगार होत धक्क्याशी आली. गावाला वाटलं, बाईंनीच सगळ्यांसाठी रंग केला! बादल्या भरल्या. "अहो, प्रयोग आहे हा!" बाई ओरडत होत्या, पण ऐकतो कोण? आईने तर अख्खी बादली मॅनेजरांच्या डोक्यावर उपडी केली. "शिमगा हाय सायेब, राग नको!"

बाई पुढे झाल्या आणि साहेबांची हिरवी बाही हुंगली. "रॉकेल! साहेब, आता पुरावा अंगावर घेऊनच घरी जा."

साहेबांनाही हसू फुटलं. बाई मात्र तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नुसता दोष दाखवणं त्यांना अर्धवट काम वाटे. पाणी संथ ठेवलं की तेल वर येतं, ते काढून घ्यायचं कसं, याचे प्रयोग त्या काचेच्या टाकीत करत राहिल्या. त्याबरहुकूम कारखान्यात हौद बांधले गेले. हळूहळू आई सगळी मासळी विकून रिकामी पाटी घेऊन घरी येऊ लागली. तेव्हाचा तिचा चेहरा आठवला की आजही मला बरं वाटतं.

बाई निवृत्त होऊन नाशिकला निघाल्या, तेव्हा आई निरोपाला आली. पदराखाली बाटली होती. "बाय, तुमी मासली खात नाय, म्हनून खाडीचं पानीच आनलं."

बाईंनी बूच काढलं आणि डोळे मिटून हुंगलं. मग नाक मुरडून, हसत हसत डोळे पुसत त्या म्हणाल्या, "शी! नुसती मासळी!"