संन्याशाचा डबा

गल्लीत तिला सगळे चादरवाली म्हणायचे. मोठ्या इस्पितळाच्या शिवणखात्यात ती कामाला होती. चादर मधोमध विरली की ती उभी फाडायची, कडेचे धड पट्टे मध्ये घेऊन जोडायचे, विरलेला भाग कडेला टाकून दुमडून शिवायचा, म्हणजे ती आणखी काही काळ रोग्याच्या अंगाखाली जाते. अशा कामानं तिचे डोळे अधू झाले, पाठ गेली, पण जीभ शाबूत राहिली.

नवरा कवी. आधी कचेरीत कारकून होता. मुलगी नुकती पावलं टाकायला लागली तेव्हा त्यानं जाहीर केलं, की संसार ही माया आहे आणि आपण तिच्यातून बाहेर पडतो आहोत. बाहेर पडला तो दोन गल्ल्या पलीकडे. छापखान्याच्या मालकाला त्याच्या कवितेचं भारी वेड, त्यानं माडीवरची खोली फुकट दिली. पहिल्याच दुपारी तिथून माणूस निरोप घेऊन आला: जेवणाचं काय करायचं?

गल्ली हसून हसून लोळली. शेजारीण म्हणाली, अगं, वनात गेला खरा, पण वन तेवढं चुलीच्या टप्प्यात बघून घेतलंन.

ती मात्र डबा नेत राहिली. सकाळी इस्पितळात जाताना भरलेला द्यायचा, येताना रिकामा घ्यायचा. तोही खरकटा. संन्याशानं भांडी घासू नयेत असं कुठल्या ग्रंथात लिहिलंय कोण जाणे. एकदा, अगदी सुरुवातीला, तिनं दारातून विचारलं होतं की लिहिताय तरी काय एवढं. तो म्हणाला होता, सगळं. जगलो ते सगळं येणार यात, तुझंही. त्या एका शब्दावर ती तो जिना चढत राहिली. मुलगी मोठी झाली आणि चिडायला लागली. मुलीच्या लग्नात तो पाहुण्यांत बसला, जेवला, आणि डोक्यावर हात न ठेवताच गेला. म्हणे आता नाती उरली नाहीत. भूक उरली होती.

कविता छापून आली आणि गाजली. एक माणूस उंच इमारतीचा जिना चढतो आणि मजल्यामजल्यावर एकेक गोष्ट टाकत जातो: आधी छत्री, मग नाव, मग आईची आठवण. मध्येच रेडिओवरचं हवामान, औषधांच्या जाहिराती, उपनिषदातले तुकडे. शेवटच्या मजल्यावर चढणाराच उरत नाही, नुसता जिना. यंत्रयुगातल्या माणसाचं उजाडपण आणि आपला जुना वैराग्यविचार इथे एक होतात, असं मोठी माणसं बोलायला लागली. एका प्राध्यापकानं तर जन्मभर तेवढंच शिकवलं. तिनं कविता वाचली नव्हती. वाचायची भीती वाटायची, आणि ओढही.

पुढे कवीचे गुडघे गेले. त्याला जिना उतरवेना. तेव्हा हे प्राध्यापक तिच्याकडे आले आणि फार अदबीनं म्हणाले, की वहिनी, आता त्यांना घरी आणा. ती म्हणाली, आधी ते पुस्तक द्या, वाचून सांगते.

जेवणाच्या सुट्टीत, मशीनवर पुस्तक उघडं ठेवून, ओळीवर बोट फिरवत तिनं ते वाचलं. छापखान्याच्या शाईचा वास होता. आंधळा भिकारी होता. गळका नळ होता. जिन्यातल्या मांजरीला तर पानभर ओळी होत्या. ती मांजर हिच्याच डब्यातलं उरलंसुरलं खाऊन रेड्यासारखी माजली होती. डबा कुठे नव्हता. डबा आणणारी नव्हती. मुलगी नव्हती.

प्राध्यापक पुन्हा आले. तिनं चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "सर, यात मी कुठे आहे?"

ते गोंधळले नाहीत. उलट त्यांचा चेहरा खुलला. "वहिनी, परमतत्त्व कसं सांगतात? हे नाही, तेही नाही. ज्याचा उच्चार होत नाही, तेच सगळ्याच्या मुळाशी असतं. तुम्ही कवितेत नाही, म्हणजे तिच्या गाभ्यात आहात."

"आणि मांजर?"

"मांजर प्रतीक आहे."

"मग मलाही प्रतीक केलं असतं तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी चहा प्यायला. ती म्हणाली, की उद्यापासून डबा येणार नाही. तो गाभ्यात आहे असं समजून जेवायला सांगा त्यांना.

काही दिवस प्राध्यापकांच्या घरून डबा गेला. मग त्यांच्या बायकोनं दोन शब्द सुनावले. मग विद्यार्थी आळीपाळीनं न्यायला लागले, आणि परीक्षा आल्या. शेवटी छापखान्याच्या दोन माणसांनी कवीला खुर्चीसकट उचलून तिच्या दारात आणून ठेवलं. मांडीवर कागदांचा गठ्ठा. तिनं दार उघडलं. शेजारणीला म्हणाली, दारातलं कुत्रं तरी उपाशी हाकलतो का आपण. मुलीला कळलं तेव्हा तिनं आईशी बोलणंच टाकलं. ते मात्र चादरवालीला फार लागलं.

प्राध्यापकांनी नव्या आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. वैराग्याचं वर्तुळ गृहस्थाश्रमात येऊन पूर्ण होतं, कवीनं हे लिहिलंच नाही तर जगून दाखवलं, असं काहीसं. त्यांनी ती तिला वाचूनही दाखवली.

ते गेल्यावर ती नवऱ्यासमोर बसली. अशी समोर ती लग्नानंतर फारशी बसलीच नव्हती.

"एक विचारू? गाभा वगैरे नको. माझ्यावर एक ओळही का नाही त्यात? रागानं गाळलंत?"

त्यानं खरंच आठवून पाहिलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, तेवढं त्याचं मानायला हवं.

"नाही गं," तो म्हणाला. "सुचलंच नाही."

राग असता तर तिला चाललं असतं. रागावर भांडता येतं.  मग त्यानं विचारलं की आज उशीर का होतोय. तिनं उठून ताट वाढलं. तो पोटभर जेवला.